चार कोटी, वर एक

जुलै २०१३ मध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबने लिव्हरपूलला देकार पाठवला : लुईस सुआरेझला सोडा, चार कोटी एक पौंड घ्या. त्याआधी तीन कोटींचा देकार देऊन झाला होता आणि लिव्हरपूलने तो तिथल्या तिथे परत लावला होता. आता एकदम एक कोटी वाढवले आणि वर एक पौंड. आपण आहेराच्या पाकिटात पाचशेवर एक घालतो तो शकुनाचा. हा पौंड शकुनाचा नव्हता. सुआरेझच्या करारात म्हणे असं कलम होतं, की लिव्हरपूलला चॅम्पियन्स लीगमध्ये जागा मिळाली नाही आणि कोणी चार कोटींहून जास्त रक्कम देऊ केली, तर त्याचा मार्ग मोकळा. त्या मोसमात लिव्हरपूल सातव्या क्रमांकावर राहिलं होतं. राहता राहिलं 'चार कोटींहून जास्त', आणि जास्त म्हणजे कमीत कमी किती, तर एक.

लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनी ट्विटरवर जाहीरपणे विचारलं, आर्सेनलच्या एमिरेट्स स्टेडियमवर बसून ही मंडळी नक्की काय ओढताहेत?

या एका पौंडाचा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. माझा थोरला भाऊ उभी हयात पुण्याच्या कामगार न्यायालयात वकिली करून निवृत्त झाला. तो नेहमी कामगारांच्या बाजूने उभा राहिला, त्यामुळे त्याला घर मोठं बांधता आलं नाही आणि आवाजही खाली आणता आला नाही. माझी लेक हिंजवडीत नोकरी करते आणि शाळेपासून लिव्हरपूलची आहे. मी सामने आवडीने बघतो, पण झेंडा कुणाचा धरत नाही. म्हणून दोघं मला पंच नेमतात आणि दोघंही माझा निर्णय मानत नाहीत. त्यांचं बोलणं मी इथे जमेल तसं उतरवलं आहे. मधली भांडी आपटण्याची जागा गाळली आहे.

काका : आधी मला एवढंच सांग, कलम होतं की नव्हतं?

पुतणी : होतं. पण त्याचा अर्थ काय, यावरच तर सगळं होतं. खेळाडूंच्या संघटनेचे गॉर्डन टेलर यांनीच सांगितलं ना, की हे सद्भावनेचं कलम आहे म्हणून. चार कोटींच्या वर देकार आला तर दोन्ही बाजूंनी बसून बोलायचं. सोडलंच पाहिजे असं त्यात नाही.

काका : सद्भावना! ज्याला काही द्यायचं नसतं ना, तो मालक सद्भावनेने बोलणी करतो. मी असे पन्नास बघितलेत. अगं, नुसतं बोलायचंच होतं, तर त्यात आकडा कशाला घातला? बोलायला चार कोटी लागतात?

पुतणी : म्हणजे त्याच्या खाली फोनच उचलणार नाही, असा अर्थ.

काका : बरं, तू म्हणतेस तसं. मग २०१४ च्या मार्चमध्ये बोस्टनच्या परिषदेत तुझे हेन्रीसाहेब काय बोलून गेले? की बायआउटचं कलम होतं, आर्सेनलने ती रक्कम देऊ केली, पण आमच्या असं लक्षात आलं की इंग्लंडमध्ये काय आणि जगात काय, फुटबॉलच्या कराराला फारशी किंमत नाही, खेळाडू वाटेल तेव्हा निघून जातात. म्हणून आम्हीही ठरवलं, विकायचं नाही. हे त्यांनी सगळं आटोपल्यावर, हसतखेळत सांगितलं. माझ्यासमोर पिंजऱ्यात कोणी साक्षीदार असं बोलला असता, तर मी पुढचा प्रश्नच विचारला नसता. खाली बसलो असतो.

इथे लेक दर वेळी कायद्याची बाजू सोडते आणि मैदानाची धरते. मला तिचं खरं बळ तिथेच वाटतं.

पुतणी : काका, तुम्ही याच्याकडे नोकरी बदलल्यासारखं बघता. नोकरी आणि लीग यांत फरक आहे. सुआरेझला बार्सिलोनाला दिला तर माझे गोल गेले, एवढंच. आर्सेनलला दिला तर माझे गेले आणि त्यांचे वाढले. वर ३८ सामन्यांत दोनदा तो माझ्याच गोलपुढे येऊन उभा. हे आर्सेनलला कुणी सांगायला नको होतं. आदल्याच वर्षी त्यांनी रॉबिन व्हॅन पर्सी मँचेस्टर युनायटेडला विकला होता, दोन कोटी चाळीस लाखांना. त्याने लीगमध्ये २६ गोल मारले आणि युनायटेडला चॅम्पियन केलं. मग २०१३ च्या एप्रिलमध्ये युनायटेड एमिरेट्सवर खेळायला आलं. चॅम्पियन संघ आला की यजमान खेळाडूंनी दोन रांगा करून टाळ्या वाजवायच्या, अशी तिथली रीत. तर आर्सेनलची पोरं रांगेत उभी, आपल्याच जुन्या कॅप्टनला टाळ्या वाजवताहेत, आणि गॅलरीतून शिव्यांचा पाऊस. सामना १-१ सुटला. युनायटेडचा गोल कोणी केला? पेनल्टीवर, व्हॅन पर्सीनेच. आणि तीन महिन्यांत हेच लोक आमच्या दारात, चार कोटी एक घेऊन.

काका : म्हणजे ज्याचं दुखलं त्याने दुसऱ्याचं दुखवू नये. कीर्तनात शोभेल.

पुतणी : तसं नाही. त्या चुकीची किंमत त्यांना पक्की माहीत होती, आणि तरी त्यांनी आम्हाला कमीत कमी रक्कम देऊ केली. वर एक पौंड. अपमान पैशांचा नव्हता हो, त्या एका पौंडाचा होता. सरळ पाच कोटी म्हटले असते, तर हेन्रींनाही दोनदा विचार करावा लागला असता.

काका : हे मात्र मान्य. कायद्याला तो पौंड पुरेसा होता. सौदा करणाऱ्याला नव्हता. नोटीस कशी द्यावी याची एक तऱ्हा असते. पण अपमान झाला म्हणून करार मोडायची मुभा मिळते का? आणि तुमचा तो दुप्पट तोट्याचा हिशेब बरोबर आहे, तर मग लिहायचं होतं ना कलमातच, की इंग्लंडमधल्या क्लबला हे लागू नाही. लिहिता येतं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये नव्या करारावर सही घेताना तुम्ही त्याला सांगितलं, राहा रे, एक वर्ष बघू, वरच्या स्पर्धेत नाही पोचलो तर जा. त्या बोलण्यावर तो राहिला. त्या मोसमात त्याने लीगमध्ये २३ गोल केले. तुम्ही सातवे आलात. यात त्याचं काय चुकलं?

पुतणी : मोसमाच्या शेवटी तो इव्हानोविचला चावला, हे चुकलं! २१ एप्रिल, चेल्सीविरुद्ध. दहा सामन्यांची बंदी. त्याआधी युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराचं प्रकरण, त्याला वर्णद्वेषी बोलला म्हणून आठ सामने. दोन्ही वेळा क्लब त्याच्या मागे उभा राहिला. एव्हराच्या वेळी तर आख्खा संघ त्याचं चित्र असलेले शर्ट घालून सरावाला उतरला होता.

काका : त्या शर्टांची आठवण तू काढू नयेस. ते उपकार नव्हते, ती लाज होती.

पुतणी : होती. मलाही तेव्हा आवडलं नव्हतं.

काका : आणि उभा राहिला म्हणजे काय? दोन कोटी सत्तावीस लाखांना ॲयॅक्सकडून आणलेला माल होता. कोणी वखारीला आग लागू देतं का? माणूस म्हणून उभे राहिलात, तर त्याचं ऋण मागायचं नसतं. माल म्हणून उभे राहिलात, तर ऋणाचा प्रश्नच येत नाही.

माझ्या मते हा काकांचा त्या दिवसाचा सर्वांत चांगला मुद्दा. पण त्यावर न थांबता ते थेट १९६० मध्ये शिरले. निवृत्त वकिलाला जुना खटला सापडला की त्याला आवरणं कठीण. खटला मात्र खरोखरच ऐकण्यासारखा आहे.

काका : जॉर्ज ईस्टम हे नाव ऐकलंयस? न्यूकॅसलचा खेळाडू. तेव्हा इंग्लंडमध्ये पद्धत अशी, की खेळाडूचा करार संपला तरी क्लबने त्याला 'राखून ठेवला' म्हटलं, की तो दुसरीकडे खेळू शकत नाही. पगार दिला नाही तरी चालेल. करार संपलेला, पगार बंद, आणि मालकी चालू! वर आठवड्याला वीस पौंडांच्या पुढे कुणालाच द्यायचे नाहीत असा नियम. ईस्टमचं क्लबशी राहत्या घरावरून आणि बाकीच्या सोयींवरून बिनसलं. तो म्हणाला, मला जायचंय. क्लब म्हणाला, जायचं नाही. त्याने नव्या करारावर सही करायला नकार दिला, सरळ दक्षिणेत निघून गेला आणि बुचं विकायची नोकरी धरली. चांगला खेळणारा, उमेदीच्या वयातला पोरगा, बुचं विकतोय. काही महिन्यांनी न्यूकॅसल वाकलं आणि ४७,५०० पौंडांना त्याला सोडलं. कोणाकडे गेला माहितीय? आर्सेनलकडे!

पुतणी : म्हणजे तेव्हापासून यांची हीच सवय.

काका : ऐक तर. बदली झाली, प्रश्न सुटला, तरी खेळाडूंच्या संघटनेने त्याला सांगितलं, खटला चालवायचा. स्वतःचं काम झाल्यावर दुसऱ्यांसाठी कोर्टात उभा राहणारा माणूस मला माझ्या वकिलीत फार थोड्या वेळा भेटला. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला, की हे राखून ठेवणं म्हणजे माणसाच्या धंद्यावर गैरवाजवी बंधन आहे. आपल्या १८७२ च्या करार कायद्यातलं कलम २७ त्याच तत्त्वावर उभं आहे. पुढे १९९५ मध्ये बोसमन या खेळाडूच्या खटल्यातल्या निकालाने युरोपातून उरलीसुरली साखळीही तोडली. ही सगळी लढाई कशासाठी होती? क्लबने 'आम्ही विकणार नाही' एवढं म्हणून माणूस डांबून ठेवू नये, यासाठी. हेन्रीसाहेबांनी २०१३ ला तेच वाक्य म्हटलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

पुतणी : काका, ईस्टमचा करार संपला होता. सुआरेझचा चालू होता, आणि अजून बरीच वर्षं चालणार होता. ईस्टमला वीस पौंड मिळत होते. सुआरेझच्या मागे एजंट होता, वकील होते, आणि त्याने डोळे उघडे ठेवून सही केली होती. तुम्ही गिरणी कामगाराचा कायदा नटाला लावताय.

काका : करार चालू होता, मान्य. मग चालू करार पाळा म्हणता ना? सगळा पाळा. त्याने पाळायची कलमं दगडावरची आणि तुम्ही पाळायचं कलम 'बसून बोलू'? स्पेनमध्ये हा खेळच होत नाही. तिथे १९८५ पासून कायद्यानेच खेळाडूला रक्कम भरून मोकळं होता येतं. २००० साली रेआल माद्रिदने लुईस फिगोसाठी सहा कोटी युरो मोजले आणि बार्सिलोनाला नुसतं बघत बसावं लागलं.

पुतणी : आणि दोन वर्षांनी फिगो कॉर्नर घ्यायला गेला, तेव्हा बार्सिलोनाच्या गॅलरीतून त्याच्या अंगावर डुकराचं मुंडकं आलं. कायद्याने सुटला. लोकांनी सोडलं का?

काका : डुकराचं मुंडकं हा युक्तिवाद नाही.

पुतणी : नाही. पण करारात न लिहिलेलं काहीतरी असतं, याचा पुरावा आहे. आणि एक सांगा, दुसऱ्याच्या खेळाडूशी त्याच्या क्लबची लेखी परवानगी असल्याशिवाय बोलायचं नाही, हा प्रीमियर लीगचा नियम आहे ना? २००५ च्या जानेवारीत चेल्सीची माणसं लंडनच्या एका हॉटेलात ॲश्ली कोलला गुपचूप भेटली. तेव्हा तो आर्सेनलचा. आर्सेनलवाल्यांनी आकाशपाताळ एक केलं. चेल्सीला तीन लाख पौंड दंड झाला, कोललाही झाला. आणि आठ वर्षांनी? त्यांचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनीच पुढे सांगितलं, की सुआरेझशी आमचं ठरलं होतं. कसं ठरलं होतं? लिव्हरपूलने तर परवानगी दिली नव्हती. मग त्या कलमाचा आकडा त्यांना सांगितला कोणी? स्वप्नात दिसला?

काका : एजंट असतात कशाला.

पुतणी : झालं तर मग. एकाने नियम वाकवला, दुसऱ्याने कलम वाकवलं. फिटंफाट.

काका : फिटंफाट क्लबांची झाली. ज्याला जायचं होतं त्याचं काय? ते सोड. तुझं रिलीव्हिंग लेटर अडवलं होतं तेव्हा काय झालं होतं, आठव जरा.

(हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. नव्वद दिवसांची नोटीस होती. उरलेल्या दिवसांचे पैसे भरायला नवी कंपनी तयार होती आणि नियमात तशी सोयही होती. पण जुन्या ठिकाणच्या साहेबांनी 'प्रोजेक्ट क्रिटिकल आहे' म्हणून कागद दाबून ठेवला. लेकीने काकांना रात्री अकराला फोन केला होता. काकांनी दोन ओळींचं पत्र लिहून दिलं आणि तिसऱ्या दिवशी कागद आला.)

पुतणी : ते वेगळं होतं.

काका : काय वेगळं होतं?

पुतणी : मी गेले म्हणून माझी कंपनी चौथ्यावरून सातव्यावर गेली नाही. आणि माझ्या जुन्या कंपनीवर जीव टाकणारं या जगात कोणी नाही, तिच्या मालकाची आई सोडली तर. आमच्या ॲनफिल्डवर साठ हजार माणसं दर सामन्याला गळा काढून गातात. क्लब त्यांचाही आहे. तुमच्या खटल्यात ही बाजू कुठेच उभी नाही. मालक आणि कामगार, बस. गाणारे कोण?

काका : गिऱ्हाईक.

पुतणी : शब्द मागे घ्या.

त्यांनी घेतला नाही. पण थोडा वेळ गप्प राहिले. माझ्या मते इथे लेकीचं पारडं जड होतं. तिचं म्हणणं पुढे नेलं तर प्रेक्षकांच्या प्रेमापायी खेळाडूने कुठवर अडकून पडायचं, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर तिच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही.

त्या ऑगस्टमध्ये पुढे जे घडलं त्याबद्दल दोघांचं फारसं दुमत नाही. सुआरेझने दोन ब्रिटिश वर्तमानपत्रांना मुलाखती दिल्या : क्लबने शब्द दिला होता, लेखीही आहे, गरज पडली तर प्रीमियर लीगकडे दाद मागेन. प्रशिक्षक ब्रेंडन रॉजर्स यांनी त्याला संघापासून बाजूला काढून एकट्याला सरावाला लावलं आणि माफी मागायला सांगितलं. दाद मात्र कुणी कुठे मागितली नाही. खेळाडूंच्या बदल्यांची विंडो बंद व्हायची होती २ सप्टेंबरला. कुठलाही लवाद महिन्याभरात अशा कलमाचा अर्थ लावून मोकळा होत नाही, आणि नंतर लावलेल्या अर्थाचा खेळाडूला काही उपयोग नसतो. ज्याच्या हातात माणूस आहे त्याला जिंकावं लागत नाही, नुसतं थांबावं लागतं. त्यामुळे कलम खरं की खोटं, याचा निवाडा झालाच नाही. दिनदर्शिकेने दावा निकालात काढला. काका म्हणतात, त्यांच्या अर्ध्या केसेस याच पद्धतीने संपल्या.

सुआरेझला वळवलं ते कॅप्टन स्टीव्हन जेरार्डने. त्याने आपल्या आत्मचरित्रात हे लिहिलंय. त्याचा सल्ला साधा होता : आर्सेनल हे काही वरचं पाऊल नाही, एक मोसम जोरात खेळ, माद्रिद नाहीतर बार्सिलोना तुला न्यायला येतील. हे सांगणारा जेरार्ड स्वतः २००५ च्या जुलैत, इस्तंबूलला चॅम्पियन्स लीग जिंकून जेमतेम सहा आठवडे झालेले असताना, चेल्सीकडे निघाला होता. चेल्सीने त्याच्यासाठी तीन कोटी वीस लाख पौंड देऊ केले होते. लोकांनी त्याच्या नावाचे शर्ट जाळले आणि तो दुसऱ्या दिवशी फिरला. सुआरेझला समजावायला त्याच्याइतका लायक माणूस क्लबात दुसरा नव्हता.

पुतणी : आणि मग ८ फेब्रुवारी २०१४. आर्सेनल लीगमध्ये अव्वल, ॲनफिल्डवर आलंय. वीस मिनिटांत ४-०! श्कर्टेल, श्कर्टेल, स्टर्लिंग, स्टरिज. शेवटी ५-१. सुआरेझचा त्यात एकही गोल नाही, पण मला त्या सामन्यातला त्याचाच फटका आठवतो. कॉर्नर आला, आर्सेनलने बाहेर काढला, चेंडू हवेतून खाली येतोय, हा पंचवीस यार्डांवर. चेंडू जमिनीला टेकूच दिला नाही. आल्या आल्या असा काही हाणला, की गोलकीपर हललाच नाही. खांबाला लागून परत आला. गोल झाला असता तर लोक आजवर विसरले नसते. नाही झाला तरी मी विसरले नाही. बाबा, तुम्हीही उठून उभे राहिला होतात.

मी उभा राहिलो होतो, हे खरं.

पुतणी : पहिले पाच सामने बंदीत गेले, तरी लीगमध्ये ३१ गोल, त्यात एकही पेनल्टी नाही. लीग दोन गुणांनी हुकली, ८६ विरुद्ध ८४. पुढच्या जुलैत बार्सिलोनाने त्याला नेला, साडेसात कोटींना. क्लबला साडेतीन कोटी जास्त मिळाले. त्याला हवा होता तो क्लब मिळाला. आर्सेनलने त्याच पैशांत मेसुट ओझिल आणला आणि नऊ वर्षांनी एक चषक जिंकला. सांगा, आमच्या 'नाही'ने कोणाचं वाईट झालं?

काका : निकाल चांगला लागला, म्हणून दिलेला शब्द मोडणं चांगलं ठरत नाही. समजा त्या मोसमात त्याचा गुडघा गेला असता. मग साडेतीन कोटी कुणी भरून दिले असते, आणि कुणाला? धोका त्याच्या गुडघ्याचा आणि नफा तुमच्या तिजोरीत. आणि क्रिस्टल पॅलेसचा सामना विसरलीस? ३-० वरून ३-३. शर्ट तोंडावर ओढून मैदानावर रडत होता तो. ज्याला तुम्ही डांबून ठेवलं होतं, त्याला तुमची लीग हुकली म्हणून रडू आलं.

पुतणी : डांबलेली माणसं अशी रडत नाहीत, काका.

यावर काका हसले. मग त्यांनी ठेवणीतलं अस्त्र बाहेर काढलं, आणि ते निघणार हे लेकीला माहीत होतं.

काका : २०२५. न्यूकॅसलचा अलेक्झांडर इसाक. त्याच्या करारात आकडा होता?

पुतणी : नव्हता.

काका : करार किती सालापर्यंत?

पुतणी : २०२८.

काका : मार्चमध्ये काय झालं होतं?

पुतणी : न्यूकॅसलने लीग कपच्या अंतिम सामन्यात आम्हाला हरवलं. त्यांना सत्तर वर्षांनी देशातला मोठा चषक मिळाला. दुसरा गोल इसाकचा.

काका : आणि ऑगस्टमध्ये लिव्हरपूल, गतविजेतं, अकरा कोटी पौंड घेऊन त्यांच्या दारात. त्यांनी नाही म्हटलं. इसाक सरावाला येईना. इन्स्टाग्रामवर लिहिलं, मला शब्द दिला होता, तो मोडला. न्यूकॅसल म्हणालं, असा शब्द कोणी दिलाच नव्हता. १ सप्टेंबरला, विंडोच्या शेवटच्या दिवशी, साडेबारा कोटींना तो तुमचा झाला. ब्रिटनमधली सर्वांत मोठी रक्कम. हे न्यूकॅसल म्हणजे ईस्टमचं न्यूकॅसल बरं का. त्या ऑगस्टमध्ये तू रोज सकाळी उठून काय बघत होतीस?

पुतणी : इसाक आला का ते.

काका : त्यांचे गाणारे नव्हते? तिथे पन्नास हजार नसतात?

पुतणी : असतात. चांगले गातात.

काका : दुप्पट तोट्याचा हिशेब?

पुतणी : तो त्यांनी करायचा. बारा कोटी पन्नास लाखांत करायला सोपा जातो. आम्ही वर एक पौंड तरी ठेवला नाही! पण काका, आता माझी पाळी. त्या ऑगस्टमध्ये तुम्ही कुणाच्या बाजूने होतात?

काका : इसाकच्या. यात विचारायचं काय?

पुतणी : कलम नव्हतं. आकडा नव्हता. करार चालू होता, तीन वर्षं बाकी होती. मघापासून तुम्ही मला सांगताय, करार पाळा, सगळा पाळा. मग इसाकने कुठलं कलम पाळलं?

इथे पहिल्यांदाच काका चष्मा पुसू लागले. मी मनात लेकीला एक गुण दिला. दोघांच्या तोंडी दिवसभर करार होता आणि दोघांनाही त्याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. ती लाल शर्टाच्या बाजूने होती आणि तो निघालेल्या माणसाच्या.

काका : कलम असतं तेव्हा कामगार कलम दाखवतो. नसतं तेव्हा संप करतो. दोन्ही त्याचे हक्क.

पुतणी : आठवड्याला लाखाच्या घरात पौंड घेणारा कामगार?

काका : कायदा शिक जरा. पगाराची मर्यादा देखरेख करणाऱ्याला असते, प्रत्यक्ष हातापायांनी काम करणाऱ्याला नसते. आणि तुझा सुआरेझ काही देखरेख करत नव्हता. धावत होता, पडत होता, गोल मारत होता.

पुतणी : चावतही होता, काका.